पानिपतच्या रात्री पायी

ऐतिहासिक कादंबरीतला प्रसंग लिहायचा असला की मी आधी मनानं त्या काळात जाऊन येते. जाताना दोन अटी पाळते. पहिली सोपी: काडेपेटी, घड्याळ, नकाशा यातलं काही बरोबर घ्यायचं नाही. दुसरी अवघड: पुढे काय झालं, ते विसरून जायचं.

सध्या मुक्काम पानिपतावर आहे, १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी. माझा नायक मराठा फौजेबरोबर आलेला एक आचारी. लढाई मोडली आहे आणि तो जीव घेऊन दक्षिणेकडे निघाला आहे. त्याला वाट दिसत होती का?

उत्तर पंचांगात सापडलं. तिथी पौष शुद्ध अष्टमी. म्हणजे दिवस बुडाला तेव्हा अर्धा चंद्र जवळपास डोक्यावर होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. रात्रीचे पहिले दोन प्रहर चांदणं. त्या उजेडात त्याला वाट दिसेल, पण पाठलागावरच्या घोडेस्वारांना तोही दिसेल. म्हणून माझा आचारी कुडकुडत, उपाशीपोटी झुडपांत दबा धरून बसतो आणि चंद्र मावळल्यावर चालू लागतो.

पळताना त्याला घरचा तिळगूळ आठवला, असं लिहायचा मोह झालाच. पण संक्रांत साधारण ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. उपासमार सोसणाऱ्या त्या छावणीत तिळगूळ कुठला? ते वाक्य मनातच राहिलं.

खरा कस दुसऱ्या अटीचा लागतो. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, पडले, हे मला ठाऊक आहे, आचाऱ्याला नाही. त्याला कशाला, पुण्यालाही पुढं कित्येक वर्षं खात्री नव्हती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. भाऊ म्हणून पुढं आलेल्या तोतयामागं माणसं गेली आणि त्याला देहान्त शासन झालं ते १७७६ मध्ये. म्हणून वाटेत जखमी शिलेदार भेटतो, तेव्हा माझा आचारी विचारतो, “भाऊसाहेब कोणत्या वाटेनं निघाले?” शिलेदार बोट दाखवतो, तेही बेधडक. दोघांनाही त्या क्षणी ते खरंच वाटतं.

त्या रणातून वाचलेल्या नाना फडणिसांनी आपली हकीकत पुढं स्वतः लिहून ठेवली. लढाईच्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. मोहिमेच्या तपशिलापेक्षा, जीव वाचवताना माणसाला काय दिसतं आणि काय सुचतं, यासाठी ती हकीकत मला जास्त उपयोगी पडते.

इतिहासावर कथा लिहू पाहणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. लढाईचा निकाल सगळ्यांनाच पाठ असतो. तुम्ही त्या दिवसाची तिथी काढा, हवा कशी होती ते बघा, लोकांच्या पोटात काय होतं ते शोधा. आणि काही झालं तरी आपल्या पात्राला उद्याची बातमी सांगू नका.