बसलेले बदक

कोणत्याही भाषेतील वाक्प्रचार हे ती बोलणाऱ्यांच्या जुन्या उद्योगांचे आणि छंदांचे अवशेष असतात. आपण एखाद्याला वेसण घातली असे म्हणतो, तेव्हा बैल आपल्या मनात नसतो. पण शेतकऱ्याचा गोठा त्या शब्दांत असतोच. इंग्रजांच्या भाषेत असा शिकारीचा संसार मोठा आहे. त्यातलेच एक पाखरू सध्या आमच्या नवी मुंबईतील मराठी बोलण्यात येऊन उतरले आहे. ते म्हणजे ‘सिटिंग डक’, बसलेले बदक. जो कोणाच्याही निशाण्यावर सहज यावा आणि ज्याला बचावाची सवड मिळू नये, त्याला हे नाव देतात.

या बदकाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जुन्या तोड्याच्या बंदुकीने उडते पाखरू टिपणे महाकठीण. म्हणून शिकारी बसलेल्या पाखरावरच नेम धरीत. पुढे चकमकीच्या बंदुका सुधारल्या, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडातील हौशी शिकाऱ्यांत उडत्या पक्ष्यावर बार टाकण्याचे कौशल्य रूढ होत गेले. कौशल्यामागून शिष्टाचार आला. पाण्यावर निवांत तरंगणाऱ्या पाखरावर गोळी झाडणे हे खेळाडूला न शोभणारे कृत्य ठरले. म्हणजे बसलेल्या बदकाची गोष्ट निघाली, की लाज बंदूकवाल्याला वाटावी असा मूळचा संकेत होता! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द माणसांना लागू झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बराच फैलावला, आणि या प्रवासात ती लाज मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली. बदक तेवढे उरले.

ही केवळ शब्दांची गंमत असती, तर मी एवढा विचार केला नसता. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतील एका वृद्ध बाईंना दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने आपण पोलीस अधिकारी असल्याचे सांगितले, ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घातली, आणि दोन दिवसांत त्यांची बरीचशी पुंजी लुबाडली. अशी अटक कायद्यात मुळी नाहीच. पण अधिकाराच्या आवाजाला जन्मभर मान देत आलेल्या बाईंना ते कसे सुचावे? पहिल्या दिवशी सर्वांनी हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी जिन्यात निराळाच सूर लागला: “एकट्या राहतात, कोणाला विचारायचे नाही, सिटिंग डकच की हो!” तेव्हापासून बाई मान खाली घालून भाजीला जातात. ज्याने लुबाडले, त्याचा उल्लेखही त्या जिन्यात कोणी केला नाही.

बसणे हा खरोखरच अपराध आहे काय? आमच्या खाडीवर येणारे रोहित पक्षी पाहावे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात त्यांचे अन्न असते. भरतीने तो चिखल बुडाला, की ते नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. अंगाने थोर असल्यामुळे त्यांना उडण्यापूर्वी चार पावले धावावे लागते. पण म्हणून त्यांना गाफील कोण म्हणेल? जेथे घास आणि विसावा, तेथेच ते बसणार. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येईनासे झाले आणि काही रोहित दगावले. बरे, उडणे तरी निर्भय आहे काय? त्याच वर्षी 20 मे रोजी घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून 39 रोहित मेले. ते तर उडत होते!

आपल्या मराठीत दुबळ्याच्या नशिबाविषयी म्हणी थोड्या नाहीत. ‘बळी तो कान पिळी’, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’. या म्हणी कनवाळू आहेत असे नव्हे. परंतु त्यांचे व्याकरण सरळ आहे. कान पिळणारा, पारधी, खाणारा असा कर्ता प्रत्येकीत हजर आहे. ऐकणाऱ्याचे बोट आपोआप त्याच्याकडे वळते. बसलेल्या बदकाच्या वाक्प्रचारात मात्र फक्त बदक आहे. बंदूक नाही, आणि ती धरणारा हातही नाही. साहजिकच ऐकणारा विचारतो, की ते बसलेच का?

परभाषेतून शब्द घ्यावेत; त्याने भाषा बाटत नाही, असे माझे मत आहे. मात्र पाखरू घ्यायचे, तर त्याबरोबरचा जुना शिष्टाचारही घ्यावा. पुढच्या वेळी कोणी एखाद्याला सिटिंग डक म्हणाले, तर आपण शांतपणे एवढेच विचारावे: “बरे, पण बंदूक कोणाच्या हाती होती?”