अडीच सुताचा स्क्रू

रंधा मशीनची पुली शाफ्टवर सरकू लागली की सुतार तिचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू काढतो, खिशात टाकतो आणि दुकान गाठतो. दुकानदार नमुन्याला जुळणारा नवा स्क्रू काउंटरवर ठेवतो. तो बसतो, मशीन चालू होतं आणि थोड्याच दिवसांत पुली पुन्हा सरकते. लाकडाच्या मशिनरीची दुरुस्ती हा माझा धंदा आहे, आणि अशा पुल्या माझ्याकडे नेहमी येतात. हातातल्या जुन्या स्क्रूला नमुना मानायचं नाही, हे मी पक्कं धरून चालतो. तो मूळचाच आहे याची खात्री कोण देणार? चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या मशीनच्या त्या भोकात कुणी कुणी काय काय बसवलेलं असतं. स्क्रू कोणता हवा ते भोक सांगतं, आणि भोकाखालचा शाफ्ट सांगतो.

आपल्याकडच्या मशीनमध्ये तीन जातींचे आटे सापडतात. जोसेफ विटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात ठरवलेले ५५ अंशांचे, विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ६० अंशांच्या आट्यांतून पुढे आलेले, आणि मेट्रिक, तेही ६० अंशांचेच. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला, पण कारागिराच्या तोंडी माप अजून सुतातच असतं. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच.

सगळा घोळ या अडीच सुतात आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि मेट्रिक एम-८ म्हणजे ८. सहा शतांश मिलिमीटरचा फरक बोटांना कळत नाही, आणि झिजलेल्या स्क्रूवर व्हर्नियर लावला तर तोही फसवतो. खरा फरक पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात आहे. अडीच सुती स्क्रूला इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर, एम-८ ची १.२५. म्हणून अडीच सुती स्क्रू एम-८ च्या भोकात पहिले एक-दोन फेरे गुमान जातो आणि मग आवळतो. माणसाला वाटतं, छान घट्ट बसला! मग एलन कीवर पाइप चढतो. पुली बीडाची असते. बीड वाकत नाही, त्याचे आटे चुरा होऊन पडतात.

म्हणून मी आधी भोक रॉकेलने धुऊन कोरडं करतो. माझ्याकडे तारेत ओवलेले नवे, खात्रीचे स्क्रू असतात: एम-६, एम-८, दोन सूत, अडीच सूत, तीन सूत. ते एकेक करून नुसत्या बोटांनी फिरवून बघायचे, की लावायची नाही. जो तळापर्यंत बोटांनी जातो आणि डुलत नाही, तो त्या भोकाचा. अडीच सुतात विटवर्थ आणि अमेरिकन दोघांनाही इंचात १८ आटे असतात, तिथे बोटं पुरत नाहीत. मग मशीनवरची पाटी वाचावी आणि तिच्यावरच्या इतर बोल्टांना पिच गेज लावावं. एकाच कारखान्याने दोन जातींचे टॅप सहसा वापरलेले नसतात. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जातो खरा, पण आटे पूर्ण अंगाने टेकत नाहीत. पट्ट्याचा ताण घेणाऱ्या पुलीत मी तो कधीही बसवत नाही.

कीसुद्धा बरंच सांगते. एम-८ ग्रब स्क्रूची की ४ मिलिमीटरची, एम-६ ची ३. पाव इंची स्क्रूला १/८ इंचाची की लागते, म्हणजे जवळजवळ ३.२, त्यात ३ ची घातली की ती षटकोन खाऊन टाकते. लाकडाच्या मशीनवर आणखी एक आहे: डिंक आणि भुसा मिळून त्या षटकोनात दगडासारखे बसतात. ते दाभणाने कोरून काढल्याशिवाय की लावू नये, कारण ती अर्धीच आत जाते.

पहिला स्क्रू निघाला आणि तरी पुली हलेना, तर हातोडा घेण्याआधी भोकात टॉर्च मारावा. पुष्कळ मशीनमध्ये एकाच भोकात एकावर एक असे दोन स्क्रू असतात. खालचा पकडतो, वरचा त्याला सैल होऊ देत नाही. हे माहीत नसल्यामुळे फुटलेल्या चांगल्या पुल्या बघून मला फार वाईट वाटतं.

दुकानात लोक व्यास सांगतात, लांबी सांगतात. टोक कुणी सांगत नाही. वाटीच्या टोकाचा स्क्रू शाफ्टमध्ये रुततो, धरही पक्का देतो, पण शाफ्टवर बूर उठवतो आणि पुली काढताना तो बूर तिचं भोक ओरबाडतो. त्यासाठी शाफ्टवर त्या जागी कानशीने थोडा सपाटा काढून ठेवावा. स्क्रू पुली आणि शाफ्टमधल्या चावीवर दाबत असेल तर मी सपाट टोकाचा घेतो. अणकुचीदार टोक फक्त जिथे शाफ्टला तसाच खड्डा आहे तिथे. बँडसॉच्या गाइडचा दांडा रोज वरखाली होतो, त्याला पितळी टोकाचाच हवा, नाहीतर दांडा चरे पडून खराब होतो. काउंटरवर चकचकीत स्टेनलेसचे ठेवले की मी म्हणतो, “शेठ, काळे द्या, ४५-एच.” ४५ म्हणजे कमीत कमी ४५० विकर्स कठीणपणा. स्टेनलेस त्यापुढे मऊ आहे, वाटीची धार चेपते.

लांबी इतकीच हवी की स्क्रू पुलीच्या अंगातच राहील. पूर्वी चौकोनी डोक्याचे स्क्रू फिरत्या शाफ्टवर उघडे असत आणि कामगाराचं धोतर, बाही, हात ओढून घेत. अमेरिकेत १९१० च्या सुमारास विल्यम अ‍ॅलनने बिनडोक्याचा, आत षटकोन असलेला स्क्रू आणला तो याच कारणाने. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २६ व्या कलमाने नव्या मशीनच्या फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक सेट स्क्रू बुडवलेला किंवा झाकलेला असावा असं सांगितलं होतं. गावोगावच्या शेडमध्ये मात्र लांब स्क्रू मिळाला म्हणून तोच बसवलेला मला दिसतो. तो मी तिथल्या तिथे काढायला लावतो.

रंध्याच्या कटर ब्लॉकचे स्क्रू मी बाजारातून घेत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या ब्लॉकात पाती धरून ठेवणारा स्क्रू मशीन बनवणाऱ्याकडूनच यावा. त्यासाठी मशीन आठ दिवस बंद राहिलं तरी चालेल.

आणि भोकाचे आटेच गेले असतील तर कोणताही स्क्रू शोधून उपयोग नाही. पुलीच्या बॉसमध्ये, म्हणजे शाफ्टभोवतीच्या जाड भागात, जाडी पुरेशी असेल तर ८.५ चा ड्रिल मारून एम-१० चा टॅप फिरवतो, बीडाचा चुरा फुंकून काढतो, नवा स्क्रू बोटांनी तळापर्यंत नेऊन बघतो. मग भोकाशेजारी पंचाने नवं माप ठोकतो, म्हणजे पुढचा दुरुस्तीवाला अडीच सुताचा स्क्रू घेऊन येणार नाही.