कर्नलचा सातबारा

लिनक्सच्या मशिनवर रूट होऊन 'प्रॉक'मधली 'आयओमेम' ही फाईल उघडा. चक्क सातबारा! अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत रॅम, पुढे ग्राफिक्स कार्ड, त्यापुढे नेटवर्क कार्ड. (रूट नसाल तर पत्त्यांच्या जागी नुसती शून्यं दिसतील. शेताचा सातबारा मात्र कोणीही ऑनलाईन बघू शकतो. असो.)

प्रोसेसरच्या दृष्टीने कार्डावरचे रजिस्टर्स म्हणजेही मेमरीच. त्या पत्त्यावर लिहिलं की कार्डाला हुकूम जातो. ड्रायव्हरने आधी 'ही जागा माझी' अशी नोंद करायची असते. दुसऱ्याने ती आधीच घेतली असेल तर कर्नल 'बिझी' म्हणून परत पाठवतो. पण हा सगळा सभ्यपणाचा मामला! नोंद न करता थेट मॅपिंग केलं, तरी बहुतेक वेळा चालून जातं.

एका जागेची दोन मॅपिंग असायला तशी हरकत नाही. आमचा उस्मानाबाद जिल्हा २०२३ साली धाराशिव झाला. कागदावर नाव बदललं, पण गट नंबर तोच, जमीन तीच. भानगड होते ती दोन मॅपिंगचे नियम वेगळे असले की. एक म्हणतं, ही जागा कॅश करू नका, दर वेळी कार्डालाच विचारा. दुसरं म्हणतं, करा खुशाल. मग कार्ड कुठल्या कुठे पुढे गेलेलं आणि प्रोसेसर आपला जुनाच आकडा वाचत बसलेला. म्हणून २००८ मध्ये, लिनक्स २.६.२६ पासून, एक्स-८६ कर्नल अशा मॅपिंगची कॅशच्या प्रकारासकट यादी ठेवतो. नवी मागणी आली की आधी यादी बघायची. जुळत नसेल तर नाकारायची, नाहीतर आधीचाच प्रकार द्यायचा.

आता खरं सांगतो, हे सगळं का आठवलं. कळंब तालुक्यातल्या आमच्या शेताची वाटणी आजोबांनी तोंडीच केली. चिंचेपासून ओढ्यापर्यंत अण्णांचं, पलीकडचं तात्यांचं. सातबाऱ्यावर दोघांची नावं अजून सामाईक. अडत काहीच नाही, कारण दोघा भावांच्या डोक्यातला बांध एकच आहे. पण पुढे? मी पुण्यात, चुलतभाऊ गावात. चिंच एखाद्या वादळात पडली, तर माझ्या डोक्यातला बांध आणि त्याच्या डोक्यातला बांध जुळेल कशावरून?

अण्णांना म्हटलं, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करू.

"भावाभावात कागद कशाला रे?"

"अण्णा, कागद भावाभावांसाठी नाही. त्यांच्यानंतर येणाऱ्यांसाठी."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तात्याला तूच विचार."

कर्नलला पॅच पाठवणं यापेक्षा सोपं आहे, राव!