कोरडेच कापा, प्लीज!

कुरळे केस असलेल्या मुलीला सल्ला द्यायला कुणालाच लायसन्स लागत नाही. लोकलमधल्या अनोळखी काकूंपासून ऑफिसच्या रिसेप्शनिस्टपर्यंत सगळे एक्स्पर्ट. "विंचरत नाहीस का गं?" इथून सुरुवात आणि "एकदाचं स्मूदनिंग करून टाक, सुटशील" हा शेवट. कॉलेजात माझं नाव 'मॅगी' होतं, हे वेगळं सांगायला नकोच.

पण सल्ले परवडले, कात्री नाही परवडत. पार्लरमध्ये पहिलं काम काय होतं? स्प्रेने केस चिंब ओले करायचे, कंगव्याने सरळ ताणायचे, दोन बोटांत धरायचे आणि कचाकच! सरळ केसांना हे चालतं. कुरळ्यांचं गणित वेगळं. केस ओले झाले की त्यातले हायड्रोजन बंध तात्पुरते सुटतात, म्हणून बट लांब होते. वाळताना ते पुन्हा जुळतात आणि बट स्प्रिंगसारखी वर जाते. 'फक्त दोन इंच हं' असं बजावून खुर्चीत बसावं आणि घरी पोचेपर्यंत खांद्यावरचे केस कानाशी! त्यात एकाच डोक्यावर मानेजवळच्या बटा सैल, कपाळाजवळच्या घट्ट. सगळ्या एका रेषेत कापल्या की मस्त त्रिकोण तयार. दहावीच्या सुट्टीत एका पार्लरने माझा असा त्रिकोण केला होता. त्या वर्षीचे फोटो आईने अजून जपून ठेवलेत, का कोण जाणे.

तर फंडा सोपा आहे. केस धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळे सोडून जायचं. क्लिप नाही, अंबाडा नाही. आणि सांगायचं: कोरडेच कापा, ताणू नका, एकेक बट बघून कापा, आधी अर्धाच इंच. थिनिंगची कात्री दिसली तर सरळ नाही म्हणायचं. त्याने केस विरळ होण्याऐवजी पिंजारतात. मी तीन-चार महिन्यांनी ट्रिम करते. मधल्या काळात दुभंगलेली टोकं घरीच उडवते, पण केस कापायच्या धारदार कात्रीने. दुधाची पिशवी उघडायची कात्री त्यासाठी नाही!

कुरळा केस मुळात कोरडा का, तर टाळूचं तेल नागमोडी वळणावरून टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून शाम्पू फक्त टाळूला, टोकांना भरपूर कंडिशनर, आणि गुंता सोडवायचा तो कंडिशनर असतानाच, बोटांनी. वाळलेल्या केसांत कंगवा घातला की झालंच! न्यूयॉर्कमध्ये सलॉन चालवणाऱ्या लॉरेन मॅसीचं 'कर्ली गर्ल' हे पुस्तक २००१ मध्ये आलं आणि या पद्धतीला जगभर नाव मिळालं. माझी आजी मात्र न्हाल्यावर केस जुन्या पंचात गुंडाळून बसायची, टॉवेलने खसाखसा कधीच पुसायची नाही. कुरळे केस मला तिच्याकडूनच आलेत.

आणि जेल? चटणीचं जवस आहे ना घरात! चार चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळायचं, बुळबुळीत झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. गार झालं की गाळताना रडायची वेळ येते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून बटा मुठीत दाबायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्यात कठीण स्टेप हीच.

मास कॉमनंतर एका न्यूज चॅनलने माझी स्क्रीन टेस्ट घेतली. आवाज आवडला, उच्चार आवडले. मग म्हणाले, "केस स्ट्रेट करून या, कॅमेऱ्यावर अस्ताव्यस्त दिसतात." बांधून आले तर? तेही नको. मी स्ट्रेट केले नाहीत, नोकरी दुसरीला मिळाली. पगार चांगला होता, खोटं कशाला बोलू! पण दर काही महिन्यांनी मुळाशी कुरळे उगवणार आणि पुन्हा तेच केमिकल डोक्यावर. काही स्ट्रेटनिंग ट्रीटमेंट्समध्ये गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत ते कॅन्सरकारक आहे. बातमी वाचण्यासाठी एवढं? २०१६ मध्ये कपच्या तालावर मराठी गाणं म्हणत मिथिला पालकर घराघरांत पोचली, तेव्हा तिचे कुरळे केस कुणाच्या मध्ये आले नाहीत.

माझी भाची आता बारा वर्षांची आहे, केस डिट्टो माझ्यासारखे. गेल्या महिन्यात तिला ट्रिमला नेलं. स्प्रेची बाटली उचललेली दिसताच ती म्हणाली, "ताई, पाणी नको. आधी एकच बट कापून दाखवा." ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मासिकातून डोकं वर काढलं नाही.