रिकामी खुर्ची

घराच्या तुळईस वाळवी लागली की आपण तत्काळ टेकू देतो. परंतु ज्या माणसाच्या खांद्यावर सारा डोलारा उभा, त्याचे काही बरेवाईट झाले तर काय, हा विचार मात्र अशुभ म्हणून टाळतो. आम्हीही तो टाळला. त्याचीच ही हकीकत.

बेळगाव जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी दोन डॉक्टरांचा भागीदारीतला दवाखाना होता. थोरले दातांचे डॉक्टर, धाकटे इतर रोगांचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तेथील हिशेब लिहीत असू. २०१६ साली कर्ज काढून दातांची नवी खुर्ची व क्ष-किरण यंत्र आणले. २०१८ साली एक विमा प्रतिनिधी आला. ज्याच्यावाचून दवाखाना चालणार नाही, त्याच्या आयुष्याचा विमा दवाखान्यानेच उतरावा, हप्ताही त्यानेच भरावा आणि तो माणूस दगावल्यास रक्कम दवाखान्यास मिळावी, असा हा 'कीमॅन' विमा. थोरले डॉक्टर हसून म्हणाले, "मास्तर, तुमचे काय मत?" मुदतभर माणूस जगला तर हप्ते परत मिळत नाहीत, हे ऐकून आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही ठणठणीत आहात. राहू द्या."

२०१९ च्या पावसाळ्यात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.

खुर्ची राहिली, कर्ज राहिले. कमाई मात्र निम्म्यावर आली. नवा दंतवैद्य आडगावी यावयास तयार होईना. सहा महिन्यांनी खुर्ची मिळेल त्या किमतीस विकली. मदतनीस मुलीची नोकरी गेली, आणि दाढ दुखली की म्हातारी माणसे बसने बेळगाव गाठू लागली.

पुढे आम्ही या विषयाची माहिती करून घेतली. परक्याच्या जिवावर जुगार होऊ नये म्हणून इंग्लंडात १७७४ साली कायदा झाला: ज्याच्या मरणाने आपले नुकसान होईल, त्याचाच विमा उतरावा. भागीदाराच्या अशा विम्याचा हप्ता हा पेढीचा खर्च होय, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले. बुडणारी कमाई, फिटावयाचे कर्ज आणि नवा माणूस आणण्याचा खर्च मांडून रक्कम ठरवावी. मात्र ती दवाखान्याची, विधवेची नव्हे. घरासाठी निराळा विमा हवाच. ज्याचा दवाखाना एकट्याचा, त्यानेही स्वतःच्या नावेच विमा घ्यावा. कारण तेथे मालक आणि धंदा वेगळे नसतात. शिवाय दंतवैद्याचा हात मोडला तर केवळ मृत्यूवरचा विमा कामास येत नाही. अपंगत्वाची तरतूद वेगळी करावी लागते.

धाकट्या डॉक्टरांनी अलीकडे एका तरुण दंतवैद्य बाईंस भागीदार करून घेतले. नवी खुर्ची येण्यापूर्वी त्यांनी दोघांच्या विम्याचे कागद आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, "मास्तर, काय करू?"

आम्ही काहीच बोललो नाही. हप्त्याची रक्कम तेवढी खर्चाच्या रकान्यात मांडली.