ग्रांट या आज्ञेस अनावृत पत्र

प्रिय ग्रांट,

तू डेटाबेसमधली एका ओळीची आज्ञा. कुणी काय वाचावं, काय लिहावं, काय पुसावं हे तू ठरवतेस. १९७६ साली आयबीएमच्या ग्रिफिथ्स आणि वेड यांनी हक्क देण्याची आणि काढून घेण्याची रीत शोधनिबंधात मांडली. आमच्या नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला मात्र तुझ्यामागचा विचार सातबाऱ्यामुळे आधीपासून ठाऊक आहे.

लोह्यात किंवा अहमदपुरात जमिनीची खरेदी झाली, की तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो. नोंद मंजूर करतो तो मंडळ अधिकारी. काम ई-फेरफारवर गेलं, तरी नियम तोच राहिला. तुझ्या भाषेत तलाठ्याला इन्सर्ट, मंडळ अधिकाऱ्याला मंजुरीच्या रकान्यापुरतं अपडेट आणि मोबाईलवर उतारा बघणाऱ्याला नुसतं सिलेक्ट. डिलीट कुणालाच नाही. चुकलेली नोंदही नव्या फेरफारानेच दुरुस्त व्हायची. मात्र तलाठ्याने सहीचा डोंगल दुसऱ्याच्या हाती दिला, तर तूही काही करू शकत नाहीस.

म्हणूनच 'ग्रांट ऑल' दिसलं की जीव तुटतो. लातुरातल्या एका क्लासमध्ये फीची पावती फाडणाऱ्या काउंटरचं आणि चाचणीचे गुण भरणाऱ्यांचं लॉगिन एकच होतं, आणि त्याला सगळे हक्क. सॉफ्टवेअरवाल्याला 'परवानगी नाही' असा एरर आला, त्याने ऑल दिलं आणि तो निघून गेला. उद्या एखाद्या पोराचे गुण बदलले, तर लॉगमध्ये एकच नाव सापडेल आणि ते कुणाचंच नसेल. खोली भाड्याने घेऊन इथे शिकणाऱ्या त्या पोरावर हा सरळ अन्याय आहे.

'विथ ग्रांट ऑप्शन' तर कुळाने पोटकूळ ठेवण्यासारखं. हक्क पुढे जात राहतात, मूळ मालकाला पत्ता नसतो. पोस्टग्रेसमध्ये असा हक्क रिव्होक करताना त्यावर पुढचे हक्क उभे असतील, तर 'कॅस्केड' म्हटल्याशिवाय ते होत नाही. ही अडवणूक मला फार मोलाची वाटते, कारण पुढे साखळी आहे हे तिथेच कळतं.

नांदेड-लातुरात मायएसक्यूएल सांभाळणाऱ्या मित्रांनो, आजच प्रत्येक खात्यावर 'शो ग्रांट्स' चालवून बघा. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आधी बंद करा, मग काउंटरचे जादा हक्क काढा.

तुझाच,
लातूरचा एक डेटाबेसवाला