पाठीवरची सॅक आणि ती घडवणारी माणसं

मान किंवा खांदा दुखतो म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, तर मी एक प्रश्न हमखास विचारतो, "सॅक कुठली वापरता?" पेशंट हसतात. त्यांना वाटतं, डॉक्टरांमधला जुना ट्रेकर बोलतोय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं वैद्यकशास्त्र आहे.

एमबीबीएसला असताना आम्ही सह्याद्रीत भटकायचो. बहुतेकांकडे कॅनव्हासची हॅवरसॅक असायची. पट्टे अरुंद आणि सगळं वजन खांद्यांवर. एका मित्राला मात्र परदेशातल्या मामाने ॲल्युमिनियमच्या फ्रेमची सॅक पाठवली होती. राजमाचीच्या वाटेवर आम्ही ती आळीपाळीने पाठीवर घ्यायचो. कमरेचा पट्टा आवळला की खांदे एकदम मोकळे!

वजन तेवढंच, मग ते गेलं कुठे? कमरेच्या हाडांवर आणि तिथून सरळ पायांवर. आपला खांदा धडाच्या सांगाड्याला फक्त कॉलरबोनच्या एका छोट्या सांध्याने जोडलेला असतो. बाकी सगळी मदार स्नायूंवर. म्हणून तो लवकर दमतो. कंबर मात्र वजन पेलण्यासाठीच बनलेली आहे.

हे ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे डिक केल्टी. सिएरा नेवाडाच्या डोंगरात चालताना फ्रेमची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली आणि खांद्यावरचा भार उतरला, तिथून कमरपट्ट्याची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९५२ मध्ये त्यांनी घरीच सॅक बनवायला सुरुवात केली. फ्रेम ते घडवत आणि शिवणकाम पत्नी नेना करत. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत केल्टींच्या सॅक होत्या.

दुसरे स्वीडनचे ओके नॉर्डिन. १९५० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्यांनी लाकडी फ्रेम बनवून आईच्या शिलाई मशीनवर पिशवी शिवली. पुढे १९६० मध्ये त्यांनी फियेलरावेन ही कंपनी काढली. शाळकरी मुलांच्या पाठदुखीची चर्चा सुरू झाली तेव्हा, १९७८ मध्ये, त्यांनी 'कोंकेन' हे साधं चौकोनी दप्तर आणलं. उद्देश एवढाच, की वजन एका खांद्यावर न लटकता दोन्ही खांद्यांवर विभागलं जावं.

या माणसांबद्दल मला जिव्हाळा वाटतो, कारण त्यांनी आधी स्वतः ओझं वाहिलं आणि मग सॅक शिवली.

आता वैद्यकीय भाग. जड सॅकचे पट्टे खांद्यावर सतत रुतले, तर हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यावर दाब येतो. याला 'रकसॅक पाल्सी' म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाला तीन दिवसांच्या ट्रेकनंतर हात खांद्याच्या वर नेता येईना. दुखत नव्हतं, म्हणून त्याने दोन आठवडे कोणाला सांगितलंच नाही. त्याला सर्जन व्हायचं होतं! हात पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. ते तीन महिने त्याने कसे काढले, ते आम्ही पाहिलं आहे. म्हणून लक्षात ठेवा : सॅक वाहिल्यानंतर हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला आणि तो टिकून राहिला, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

सॅक घेताना एवढं पाहा :

• खांद्याचे पट्टे रुंद आणि गादीचे असावेत.
• मोठ्या सॅकला कमरपट्टा हवाच. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बांधायचा.
• सॅकची लांबी तुमच्या पाठीच्या मापाची हवी. दुकानात वजन भरून, चालून पाहा.
• जड सामान पाठीला चिकटून ठेवा.
• दोन्ही पट्टे वापरा.

मुलांसाठी २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे ३० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ३ किलो.

तुमच्या घरी वजनकाटा असेलच. आज रात्री मुलाचं भरलेलं दप्तर त्यावर ठेवा. आकडा पाहून काय काढायचं, ते मुलाबरोबर बसूनच ठरवा.